सीझनमध्ये साठवण, पावसात दुकानदारी

माझ्या धंद्याचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. गोव्यात फोंड्याजवळ घरातूनच मी ग्राफिक डिझाइनची कामं करते: रेस्टॉरंटची मेन्यू कार्डं, होमस्टेच्या पाट्या, फेणीच्या बाटल्यांची आणि काजूच्या पाकिटांची लेबलं, देवस्थानांच्या जत्रोत्सवाच्या पत्रिका, मधूनमधून लग्नपत्रिका. नोकरी सोडली तेव्हा सगळे विचारत, कामं मिळतील का? कामं मिळाली. खरी अडचण त्यानंतर कळली. हातात काम असतं तेव्हा लोकांना दाखवण्यासारखं पुष्कळ असतं, पण दाखवायला फुरसत नसते. काम संपलं की वेळच वेळ असतो, पण तेव्हा ताजं असं काही जवळ नसतं, आणि रिकामे दिवस पाहून माणूस धास्तावलेला असतो. धास्तावलेल्या माणसानं लिहिलेला ईमेल वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतो. एक महिना तुडुंब, पुढचा कोरडा, या चक्रातून मी कशी बाहेर पडले ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण गोव्यात राहून स्वतंत्र काम करणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव येतो आणि त्यावर मिळणारे सल्ले आपल्या इथल्या वर्षाला धरून नसतात.

सुरुवात वहीपासून केली. वेळ मोजणारी ॲप्स पुष्कळ आहेत, पण मला शाळेची दोनशेपानी वही बरी वाटली, कारण ती कीबोर्डच्या शेजारी उघडी पडून राहते. बसले की वेळ लिहायची, उठले की लिहायची, मध्ये कोणाचा फोन आला तर तोही. शेजारी ग्राहकाचं नाव आणि कामाचा प्रकार. थोड्याच आठवड्यांत दिसायला लागलं की प्रत्यक्ष रेखाटनात आणि मांडणीत जाणारा वेळ माझ्या समजुतीपेक्षा बराच कमी आहे. बाकीचा वेळ मजकुराची वाट पाहण्यात, आलेला मजकूर वॉट्सॲपच्या वेगवेगळ्या निरोपांतून वेचून एकत्र करण्यात, छापखान्यात रंग तपासायला पणजीला जाण्यात आणि दुरुस्त्यांमध्ये जात होता.

जत्रेच्या पत्रिकेचंच घ्या. तीत पालखीची वेळ, कीर्तनकारांचं नाव, रात्रीच्या नाटकाचा प्रयोग आणि यजमानांची नावं असतात. नावांचा क्रम समितीत पक्का होईपर्यंत अनेकदा बदलतो, आणि तो बदलणं रास्तच आहे, कारण गावातलं मानपान त्या क्रमाला जोडलेलं असतं. पण मी माझ्या अंदाजात त्या बदलांना जागाच ठेवत नव्हते. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नाव दिलं. कामाला किती वेळ लागेल हे ठरवताना माणूस समोरच्या कामाकडेच बघतो, तशाच मागच्या कामांना किती वेळ लागला होता ते बघत नाही. त्यावरचा त्यांचा उपायही साधा आहे: मागची तशी कामं काढा आणि त्यांच्यावरून अंदाज बांधा. माझी वही त्यासाठीच उपयोगी पडली. आता पत्रिकेचं काम आलं की वहीतल्या जुन्या पत्रिका बघते आणि तेवढाच वेळ सांगते. ऐकणाऱ्याला तो सुरुवातीला जास्त वाटतो, पण त्या तारखेला पत्रिका हातात पडते म्हटल्यावर कोणी तक्रार करत नाही.

वहीत ‘स्वतःचं’ असा एक रकाना होता. पोर्टफोलिओ म्हणजे निवडक कामांचे नमुने, नव्या माणसांना लिहिणं, इन्स्टाग्रामवर काम टाकणं, कुणाला भेटायला जाणं हे सगळं त्यात यायला हवं होतं. ऑक्टोबरपासून पुढे तो रकाना आठवडेच्या आठवडे कोरा होता.

मग सगळे सांगतात तसा आठवड्यातला एक वार स्वतःसाठी राखला, शुक्रवार. पावसाळ्यात तो छान चालला. सीझन लागला तसा तो गेला. तो का गेला याचा मी बराच विचार केला, कारण इच्छाशक्ती कमी पडते म्हणून स्वतःला बोल लावत बसण्यानं काही हाती लागत नाही. एक कारण असं की ग्राहकाच्या कामामागे माणूस उभा असतो. तो फोन करतो, ‘बाय, कार्ड केन्ना मेळटलें?’ (कार्ड कधी मिळेल?) विचारतो, त्याचं हॉटेल चार दिवसांत उघडणार असतं. माझ्या शुक्रवारामागे विचारणारं कोणी नव्हतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आठवडा हा आपल्याकडच्या कामाचा नैसर्गिक मापदंडच नाही. मे अखेरीस किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे सीझनपुरती उभारलेली खानावळं, मोडले जातात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे मासळीवर चालणारी छोटी खानावळसुद्धा सुस्तावते. चवथीनंतर, म्हणजे गणेशचतुर्थीनंतर, हळूहळू जाग येते. ऑक्टोबरपासून पर्यटक येऊ लागतात, नोव्हेंबरात इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, जो २००४ पासून पणजीत भरतो, डिसेंबरात नाताळ आणि नवं वर्ष. पाठोपाठ पौष-माघातल्या जत्रा: म्हापशाचा बोडगेश्वर, मंगेशी, कवळ्याची शांतादुर्गा. इतक्या चढउतारांच्या वर्षात एकच शुक्रवार जूनमध्येही तेवढाच आणि डिसेंबरातही तेवढाच ठेवायचा, हा हिशोब जुळणारा नव्हता.

म्हणून एका पावसाळी आठवड्यात मी जुनी सगळी बिलं काढून बसले. माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेतलं सर्वात मोलाचं काम हेच. प्रत्येक बिलासमोर मी पाच गोष्टी लिहिल्या: पहिलं बोलणं कधी झालं, ते कुणामुळे झालं, काम पक्कं कधी झालं, दिलं कधी, पैसे आले कधी. नंतर बिलं पहिल्या बोलण्याच्या महिन्याप्रमाणे लावली आणि मला माझा धंदा पहिल्यांदा नीट दिसला. हॉटेलं आणि होमस्टेवाले नव्या सीझनच्या छपाईचं जून ते ऑगस्टमध्ये ठरवतात. रंगकाम, डागडुजी, नवा मेन्यू, सगळं तेव्हाच चालू असतं. देवस्थान समित्या जत्रेच्या महिना-दीड महिना आधी बोलतात. काजूवाले हंगाम संपत आला की पाकिटांकडे वळतात, म्हणजे मेच्या आसपास. याचा अर्थ असा की डिसेंबरात मी रात्र जागून पोस्ट टाकली तरी ती पाहणाऱ्या हॉटेलवाल्याला त्या घडीला काहीच ठरवायचं नसतं. तो त्याच्या टेबलांच्या मागे धावत असतो. जूनमध्ये तोच माणूस स्वतः गल्ल्यावर बसलेला असतो, बाहेर पाऊस पडत असतो, आणि तो चहा मागवून अर्धा तास बोलतो.

त्या दिवसापासून मी आठवड्याऐवजी वर्ष आखायला घेतलं. भिंतीवरच्या कालनिर्णयवर आधी चवथीचे दिवस आणि आमच्या गावच्या जत्रेचे दिवस कोरे सोडले. त्या दिवसांत काम नाही, ग्राहकाचंही नाही आणि स्वतःचंही नाही. घरातून काम करणाऱ्या बाईला ‘तू घरीच असतेस, तर माटोळीचं सामान आणून ठेव’ असं ऐकावं लागतं (माटोळी म्हणजे चवथीला गणपतीवर बांधतात ती फळाफुलांची सजावट). दिवस आधीच कोरे ठेवले की माटोळीचं सामान आणायला मनापासून जाता येतं. मग उरलेल्या वर्षाचे भाग पाडले. सप्टेंबरपासून जत्रा संपेपर्यंत ग्राहकांची कामं. मार्च हिशोबाचा आणि राहिलेल्या वसुलीचा. मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत स्वतःची ओळख करून देण्याचं काम, आणि ते पूर्ण दिवसांचं काम म्हणून, उरल्यासुरल्या संध्याकाळचं म्हणून नव्हे.

आता सीझनमध्ये स्वतःच्या प्रसिद्धीसाठी काहीच करायचं नाही का? करायचं, पण फक्त साठवायचं. आपल्याकडे मे महिन्यात घराघरांत पुरुमेंत भरतात. सुकी मासळी, सोलं, मिरच्या, चिंच उन्हात वाळवून बरण्यांत ठेवायच्या आणि भर पावसात काढून वापरायच्या. तसंच मी सीझनमध्ये कामाचं करते. फाइल छापखान्यात गेली की पुढची फाइल उघडण्याआधी पंधरा मिनिटं एवढंच काम: अंतिम डिझाइनचं एक चित्र त्या वर्षाच्या फोल्डरमध्ये, ग्राहकानं काय मागितलं होतं आणि मी काय सुचवलं याच्या चार ओळी, आणि छापून आलेली वस्तू जिथे वापरली जाते तिथला एक फोटो. हा शेवटचा फोटो ग्राहकाकडूनच मागवते. मेन्यू कार्ड टेबलावर, मासळीच्या ताटाशेजारी, पाटी दारावर, पत्रिका मंडपात. कॉम्प्युटरवर तयार केलेल्या गुळगुळीत चित्रापेक्षा गोव्यातल्या छोट्या मालकाला असा फोटो जास्त पटतो, कारण त्याला त्यात स्वतःचं टेबल दिसतं. त्या चार ओळीही त्याच दिवशी लिहायला हव्यात. सहा महिन्यांनी मी का तसं केलं होतं ते आठवत नाही, आणि न आठवता लिहिलेला मजकूर सगळ्यांसारखाच होतो.

साठवणीसाठी परवानगी लागते. ती मी आता कोटेशनमध्येच घेते: हे काम पूर्ण झाल्यावर माझ्या पोर्टफोलिओत दाखवण्याचा हक्क माझ्याकडे राहील, अशी एक ओळ. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात. किती काळासाठी हे लिहिलं नसेल तर ते पाच वर्षांसाठी मानले जातात, आणि कोणत्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर भारतापुरते. लोगो आणि लेबलांच्या कामात ग्राहकाला कायमचे हक्क हवे असतात आणि ते त्याला मिळायलाच हवेत, म्हणून मी तेही स्पष्ट लिहून देते. दोघांची गरज एकाच कागदावर मिटली की नंतरच्या फोनाफोनीचे तास वाचतात.

पाऊस सुरू झाला की फोल्डर उघडते. सगळं काम दाखवायचा मोह होतो, पण छोट्या धंद्यातला माणूस मोजकी पानंच बघतो. म्हणून मी तीन वेगवेगळ्या पीडीएफ करते, आकारानं हलक्या, कारण त्या वॉट्सॲपवरून पुढे जायच्या असतात. हॉटेलांसाठी इंग्रजीत. देवस्थान समित्यांसाठी मराठीत, आणि तिच्या काही प्रती छापूनही घेते, कारण समितीच्या बैठकीत कागद हातोहात फिरतो. समित्या दर तीन वर्षांनी निवडून येतात. मागच्या समितीला माझं काम माहीत असलं तरी नव्या समितीत मला ओळखणारं कोणी असेलच असं नाही, त्यामुळे कालनिर्णयवर निवडणुकीचं वर्षही लिहून ठेवते.

तिसरी पीडीएफ काजू, मसाले, फेणी यांच्या उत्पादकांसाठी. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि देखणं लेबल हवं असणारे छोटे उत्पादक आज मला भेटतात. त्यांच्यासमोर सुंदर चित्रं ठेवण्यापेक्षा एक साधं पान जास्त कामी येतं. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा अंकी परवाना क्रमांक, शाकाहारी-मांसाहारी चिन्ह, निव्वळ वजन, किंमत, तारीख हे सगळं कुठे आणि कसं बसवायचं याचा एक नमुना मी पीडीएफच्या पहिल्याच पानावर देते. फेणीच्या लेबलाला तर अबकारी खात्याची मंजुरी घ्यावी लागते. हे हिला माहीत आहे, हे समजल्यावर माणूस निर्धास्त होतो आणि पुढचं बोलणं रंगांवर येतं. स्वतःची जाहिरात म्हणजे समोरच्याची काळजी आपण आधीच घेतली आहे हे दाखवणं, असं मला मनापासून वाटतं.

याच दिवसांत पुढच्या सीझनच्या पोस्टही लिहून होतात. मेटा बिझनेस सूटमध्ये इन्स्टाग्राम आणि फेसबुकच्या पोस्टना आधीच वेळ लावून ठेवता येते. सीझनमध्ये त्या आपोआप जातात, मला फक्त उत्तरं द्यायची असतात. जुलैत दुपारी लाईट गेली की मजकूर वहीत लिहिते. खरं सांगायचं तर माझा सर्वात चांगला मजकूर अशा दुपारीच लिहून झाला आहे, कारण तेव्हा दुसरं काही उघडता येत नाही.

आणि माझ्या शुक्रवारामागे जे विचारणारं माणूस नव्हतं, ते मी शोधून उभं केलं. म्हापशाची माझी एक मैत्रीण लग्नाचे आणि हॉटेलांचे फोटो काढते, तिचीही हीच अडचण. पावसाळ्यात दर मंगळवारी संध्याकाळी आम्ही एकमेकींना त्या आठवड्यात कुणाला लिहिलं, कुणाला भेटलो याची यादी पाठवतो. यादी रिकामी असली तर फोन येतो. इतकी छोटी गोष्ट आहे, पण माझ्या अनुभवात कोणत्याही ॲपपेक्षा ती टिकली.

वसुलीबद्दल सांगितल्याशिवाय वेळेचा हिशोब पुरा होत नाही. वहीत सर्वात त्रासदायक तास ते होते: ‘बिल पाहिलं का’ असं नम्रपणे पुन्हा पुन्हा विचारण्याचे. दोन गोष्टींनी ते कमी झाले. मोठ्या कामात अर्धे पैसे आधी, आणि छोट्या उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी. एकट्या माणसाची सेवासुद्धा सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवता येते, नोंदणी ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून देणाऱ्यानं या मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्याला तो खर्च प्राप्तिकरात वजा करता येत नाही. हे व्याज मागण्याची वेळ माझ्यावर आलेली नाही. बिलावर उद्यम क्रमांक आणि मुदतीची तारीख छापली की ग्राहकाचा अकाउंटंटच बिल वर काढतो. त्यातून मोकळे झालेले तास मी मार्चमध्ये जुन्या ग्राहकांना भेटण्यात घालते.

दिवसाच्या आखणीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सकाळी घरातली गडबड आवरली की दुपारपर्यंत रेखाटन, फोन दुसऱ्या खोलीत. निरोप दुपारी जेवणाआधी आणि संध्याकाळी बघते. सोफी लेरॉय यांच्या २००९ च्या संशोधनात दाखवलं आहे की अर्धवट सोडलेल्या कामात आपलं लक्ष मागे अडकून राहतं आणि पुढचं काम त्यामुळे कच्चं होतं. ग्राहकाशी दुरुस्त्यांवर बोलून लगेच स्वतःबद्दल लिहायला बसलं की ते लिखाण चिडकं होतं, हे मी वहीतही पाहिलं होतं. म्हणून एका दिवशी दोन्ही करायची वेळ आलीच तर मध्ये जेवण किंवा बाजार ठेवते.

आता दरही याच वर्षावरून ठरतो. पूर्वी मी रोजच्या आठ तासांवरून दर काढायचे. आता वहीतले ज्यांचं बिल होतं तेवढेच तास धरते, मे ते जुलैचे स्वतःच्या कामाचे दिवस खर्चात धरते, आणि वर्षाची गरज त्या उरलेल्या तासांवर विभागते. दर वाढवावा लागला. काही ग्राहक सोडून गेले, जे राहिले त्यांच्यासाठी मला जास्त वेळ देता येतो.

डिसेंबरात अजूनही अचानक कामं येतात आणि सगळी घेता येत नाहीत. मडगावला आणि डिचोलीला माझ्यासारखंच काम करणारी दोन माणसं आहेत, त्यांच्याकडे ती पाठवते. नुसता नंबर पुढे करत नाही. ग्राहकाला काय हवं आहे हे चार ओळींत लिहून, दोघांची गाठ घालून देते. गेल्या पावसाळ्यात त्यांच्यातल्या एकाकडून एका देवस्थानाच्या वर्षभराच्या छपाईचं काम माझ्याकडे आलं. त्या समितीला मी माझी मराठी पीडीएफ कधी पाठवलीच नव्हती, ती त्यानं दाखवली होती. येत्या जूनच्या यादीत म्हणून एक नवी ओळ घातली आहे: या दोघांच्या नव्या कामांची चित्रं मागवून माझ्याजवळ ठेवायची, म्हणजे सीझनमध्ये काम पुढे पाठवताना मलाही काही दाखवता येईल.